लपवलेला गुन्हा, की न विचारलेला प्रश्न?

समजा, मेहरूण तलावाच्या बाजूला, शिरसोली रस्त्याकडे प्लॉटचे व्यवहार जुळवून देणारा एक एजंट आहे. त्याच्यावर मागे कधीतरी गुन्हा दाखल झाला होता असं तुमच्या कानावर आलंय. गिऱ्हाइकांना तो हे सांगत नाही. तुमच्या ओळखीतलं एक कुटुंब पुढच्या आठवड्यात त्याच्यामार्फत इसार देणार आहे. तुम्ही हे कुणाला सांगायचं का, आणि सांगायचं तर कुणाला?

मित्रांमध्ये हा प्रश्न टाकून बघा. निम्मे म्हणतील, "कळवलंच पाहिजे, त्यात विचार कसला?" उरलेले म्हणतील, "आपल्याला काय करायचंय, उगाच कोर्टकचेरी मागे लागेल." दोन्ही उत्तरं झटकन येतात, आणि दोघांनीही एक गोष्ट तपासलेली नसते: "गुन्हा आहे" म्हणजे नेमकं काय आहे? एफआयआर? दोषारोपपत्र? शिक्षा? की निर्दोष सुटका? पेटची तयारी करताना आपण "मापनाची वैधता" हा शब्द पाठ करतो. तुमचं चल जे मोजतंय असं तुम्हाला वाटतं, तेच ते खरंच मोजतंय का, एवढाच त्याचा अर्थ. या एजंटाच्या बाबतीत "गुन्हेगारी पार्श्वभूमी" हे चल आपण कसं मोजतो, याचीच आज समीक्षा करायची आहे. आधी कायद्याचा अर्ज बघू, मग तीन अमेरिकन शोधनिबंध.

रेरा कायदा २०१६ चा. महारेरा मे २०१७ पासून काम करतंय. प्रवर्तक विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर कलम ९ प्रमाणे एजंटालाही नोंदणी लागते. २०२३ पासून त्याला प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत एजंटाच्या अर्जासोबत त्याच्यावर प्रलंबित असलेल्या दिवाणी आणि फौजदारी प्रकरणांचा तपशील मागितलाय. वाचायला बरं वाटतं. पण "प्रलंबित" या शब्दावर थांबा.

ज्याच्यावर खटला चालू आहे आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, त्याने तो लिहायचा. ज्याचा खटला संपला, फसवणुकीत दोषी ठरला, शिक्षाही भोगून आला, त्याचं काहीच प्रलंबित नाही! त्याने रकाना कोरा सोडला तर शब्दशः तो खोटं बोललेला नाही. म्हणजे ज्याचा अपराध अजून ठरायचाय तो मापात येतो, आणि ज्याचा ठरला तो मापातून निसटतो. एखाद्या विद्यार्थ्याने अशी प्रश्नावली बनवली असती तर मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत परत पाठवली असती.

जळगावकरांना हे समजायला लांब जायला नको. घरकुल प्रकरण आठवा. तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला. सुरेश जैन आणि गुलाबराव देवकर या माजी मंत्र्यांसह ४८ जण दोषी ठरले, पुढे अपिलंही झाली. मधली तेरा वर्षं हे प्रकरण "प्रलंबित" होतं. तेरा वर्षांत एखाद्या माणसाचं सगळं काम उभं राहून मोडूही शकतं. या काळात एखाद्या आरोपीबद्दल कुणी विचारलं असतं की हा माणूस गुन्हेगार आहे का, तर प्रामाणिक उत्तर एकच होतं: आरोप आहे, निकाल नाही. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर ते अजिबात टिकत नाही.

आता लपवण्याबद्दल. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २१ जुलै २०१६ ला निकाल दिला. विषय नोकरीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती दडवण्याचा होता, एजंटाचा नव्हता, त्यामुळे तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण विचार करायची पद्धत उचलण्यासारखी आहे. न्यायालय म्हणालं की विचारलेली माहिती खरीच द्यायला हवी. मात्र दडवलं की नाही हे ठरवताना अर्जातला प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम नको. जे स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक. शिवाय तरुणपणी घोषणा दिल्याचं किंवा असलं किरकोळ प्रकरण असेल तर ते माफ करता येतं. माझ्या मते या निकालाने दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या: माणसाने केलं काय, आणि विचारल्यावर सांगितलं काय. आपण चर्चेत त्यांचं नेहमी भरीत करतो.

आता शोधनिबंध. पहिला डेव्हा पेजर यांचा, २००३ चा. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्यांनी तरुणांच्या दोन जोड्या, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची, नोकरीचे अर्ज घेऊन एकूण ३५० मालकांकडे पाठवल्या. जोडीतल्या एकाच्या अर्जात अमली पदार्थाच्या गुन्ह्याची शिक्षा दाखवलेली, दुसऱ्याचा अर्ज स्वच्छ. नोंद नसलेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून पुढचा निरोप आला, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के, आणि नोंद असलेल्यांना फक्त ५. पुन्हा वाचा: स्वच्छ कृष्णवर्णीय तरुणाला तुरुंगातून आलेल्या गोऱ्यापेक्षाही कमी बोलावणी. हे आकडे वाचून "मग नोंद सांगायलाच लावू नका" असं म्हणावंसं वाटतं. अमेरिकेत अनेक राज्यांनी तसंच केलं, अर्जातून तो रकाना काढला.

तिथे दुसरा निबंध येतो, अमांडा एगन आणि सोंजा स्टार यांचा, २०१८ चा. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात त्यांनी सुमारे १५,००० बनावट अर्ज पाठवले, रकाना काढण्याआधी आणि काढल्यानंतर. आधी गोऱ्या नावाच्या अर्जाला कृष्णवर्णीय नावाच्या तशाच अर्जापेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी येत होती. रकाना गेल्यावर हा फरक ४३ टक्क्यांवर गेला. नोंद दिसेनाशी झाली तेव्हा मालकांनी ती नावावरून अंदाजाने भरून टाकली.

हे वाचताना मला आपलाच मुलूख दिसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पारधी मुलाला खोली भाड्याने मिळत नाही ही गोष्ट काही त्या कायद्याबरोबर गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीची आणि अशा जमातींची कलमं काढायला सांगावी लागली. खानदेशात प्लॉट घेताना एजंटाचं आडनाव ऐकूनच "विश्वासाचा आहे" किंवा "जरा जपून" असं म्हणणारे तुम्हीही पाहिले असतील. कुणाबद्दल काहीच कळवू नका, सगळं झाकून ठेवा, हा पर्याय वाटतो तेवढा दयाळू नाही. माहिती नसली की तिची जागा आडनाव घेतं, आणि त्याची किंमत ज्याने कधी काहीच केलेलं नाही तो मोजतो.

तिसरा निबंध ब्लुमस्टीन आणि नाकामुरा यांचा, २००९ चा. प्रश्न फार छान आहे: जुना गुन्हा किती जुना झाला की निरर्थक होतो? १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांचा पुढचा प्रवास त्यांनी पाहिला. अठराव्या वर्षी जबरी चोरीत पकडलेला माणूस पुढे स्वच्छ राहिला, तर सुमारे ७.७ वर्षांनी त्याला पुन्हा अटक होण्याचा धोका त्याच वयाच्या सामान्य माणसाइतकाच उरतो. घरफोडीला हा काळ ३.८ वर्षं, गंभीर मारहाणीला ४.३. इथे आपले विद्यार्थी चूक करतात ती अशी की हे आकडे उचलून थेट आपल्या एजंटाला लावतात. पण त्यांचं माप अटक हे आहे, गुन्हा नव्हे. आणि जे तीन प्रकार सांगितले त्यात फसवणूक नाही. एजंटाच्या बाबतीत आपल्याला भीती असते ती तीच: एकच प्लॉट दोघांना दाखवणं, बिनशेती न झालेल्या गटाचा बिनशेती म्हणून इसार घेणं, सातबारावरची बोज्याची नोंद न सांगणं. असली फसवणूक वर्षानुवर्षं दिवाणी वादाच्या रूपात फिरत राहते, अटकेपर्यंत पोचेलच असं नाही. त्यामुळे "आठ वर्षं अटक नाही" म्हणजे "आठ वर्षं सरळ वागला" असं समजायचं कारण नाही. कालावधीची कल्पना घ्या, आकडा घेऊ नका.

आता तुमच्या कानावर आलेल्या बातमीकडे. ती कुठून आली? बहुतेक वेळा कुणीतरी ई-कोर्ट्सवर नाव टाकून बघितलेलं असतं. जळगाव तालुक्यात पाटील, चौधरी, कोळी, सोनवणे या आडनावांची आणि नेहमीच्या चार-पाच नावांची जोडी लावून बघा, किती माणसं निघतात. थोडं गणित करू, आकडे निव्वळ कल्पनेतले. १००० एजंट आहेत, त्यांतल्या २० जणांवर खरोखर फौजदारी प्रकरण आहे, आणि नावाने शोधल्यावर ते सगळे सापडतात. उरलेल्या ९८० पैकी १० टक्क्यांच्या नावाचा दुसराच कुणी आरोपी सापडतो, म्हणजे ९८. एकूण ११८ नावं जुळली, त्यांतली खरी २०. सहात एक! शोध एकही खरा माणूस चुकवत नाही, तरी सहापैकी पाच वेळा तुम्ही भलत्याच माणसाला गुन्हेगार म्हणताय. म्हणून वडिलांचं नाव, पत्ता, आणि शेवटी निकालाची प्रमाणित प्रत. "निकाली" एवढं वाचून थांबायचं नाही, सुटला की शिक्षा झाली हे उघडून बघायचं.

एवढं करून माहिती पक्की निघाली, तर माझं मत स्पष्ट आहे. एजंटावर आज खटला चालू आहे आणि महारेराच्या अर्जात त्याने "नाही" लिहिलंय, तर महारेराला लेखी कळवा. खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी रद्द करायचा अधिकार कलम ९ मध्येच आहे, आणि कलम ३५ खाली प्राधिकरण स्वतःहूनही एजंटाकडे खुलासा मागू शकतं. फसवणुकीत शिक्षा झालेली असेल आणि ओळखीचं कुटुंब इसार देणार असेल, तर त्या कुटुंबाला इसार देण्याआधी सांगा, प्रत दाखवून सांगा. कॉलेजातल्या मारामारीचा पंधरा वर्षांपूर्वीचा गुन्हा असेल तर गप्प बसा. त्याचा प्लॉटशी काही संबंध नाही.

आणि कॉलनीच्या ग्रुपवर फोटोसकट टाकणं? ते नाही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आधी भारतीय दंड संहितेत ४९९ होतं. त्याचे अपवाद एकदा वाचाच. खरं बोललं म्हणून सुटका होत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेली तक्रार अपवादात बसते. समोरच्याच्या भल्यासाठी त्याला दिलेली सावधगिरीची सूचनाही बसते. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी "कुणाला सांगताय" हा प्रश्न "काय सांगताय" इतकाच महत्त्वाचा मानला होता. आपण तो विसरलोय.

एक मोठी अडचण मात्र शिल्लक राहते. मेहरूणकडचे पुष्कळ व्यवहार जुन्या प्लॉटच्या पुनर्विक्रीचे आणि भाड्याच्या खोल्यांचे असतात. रेराची एजंट-नोंदणी प्रवर्तकाच्या विक्रीला बांधलेली आहे, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला तर नोंदणीच लागत नाही. तिथल्या दलालाला कुणी काही विचारलेलंच नाही, त्यामुळे त्याने काही लपवलेलंही नाही. भाडेकरूची मात्र पोलीस पडताळणी करून घेतात!

तुमच्यापैकी कुणाला विद्यापीठात या विषयावर आराखडा द्यायचा असेल तर एजंटांना प्रश्नावली वाटू नका, कुणीही "माझ्यावर गुन्हा आहे" असं टिकमार्क करून देणार नाही. नोंदणीतली जाहीर माहिती आणि न्यायालयाच्या नोंदी जुळवा. नैतिकता समितीपुढे जाण्याआधी नावांच्या जागी क्रमांक टाका. आणि संगणकाने जुळवलेल्या नावांपैकी निदान दर दहावं प्रकरण कोर्टात जाऊन, कागद उघडून, स्वतः तपासा.