सपाट वाटेच्या चौऱ्याहत्तर पायऱ्या

सायकलच्या वाटेची वाखाणणी करताना आपण घाटाचा चढ, वळणावरून दिसणारी दरी, उतारावर कानात भरणारा वारा यांचे गुण गातो. चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची वाट या कसोटीवर सपशेल नापास होईल. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातून ती निघते, पोटोमॅक नदीच्या कडेने मेरीलँडमधून कंबरलंड गावापर्यंत २९७ किलोमीटर जाते, आणि एवढ्या अंतरात चढते जेमतेम १८४ मीटर. मोटारींना तिथे मज्जाव आहे. खडी, माती, झाडांची मुळं, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला कालवा, साहित्य एवढंच. तरीही ग्रॅव्हल बाइकवाल्यासाठी ही अव्वल दर्जाची रचना आहे असं माझं मत आहे, आणि त्याचं श्रेय मी तिच्या देखाव्यांपेक्षा तिच्या पातळीला देतो.

ही पातळी खेचरांसाठी आखलेली आहे. कंबरलंडकडचा कोळसा भरून नावा खाली येत. सुमारे १२० टनांचा तो बोजा खेचरं काठावरून दोराने ओढत. साडेतीन मीटर रुंदीची ही वाट त्यांच्या खुरांसाठी. त्यांना हाकायला बऱ्याचदा नावाड्याची पोरंच असत, आणि एक जोडी ओढत असताना दुसरी नावेतल्याच तबेल्यात विसावा घेई. जनावराला तासन् तास एकसारखं ओढता यायचं तर पाणी संथ हवं आणि वाट सपाट.

इथे आपल्याकडच्या कालव्याची सवय बाजूला ठेवावी लागते. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा शेतापर्यंत पाणी पोचवण्यासाठी आहे, म्हणून त्याला अखंड मंद उतार आहे. त्याचं पाणी चालत राहतं. नावांच्या कालव्यात पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि उंचीतला सगळा फरक ठरावीक जागी गोळा केलेला असतो. त्या जागा म्हणजे लॉक: दगडी भिंतींचा लांबट हौद, दोन्ही टोकांना लाकडी दारं. वर जाणारी नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या अंगाने पाणी सोडायचं. नाव अडीचेक मीटर उचलली जाते. नाव आणि भिंत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरे. अशी ७४ लॉक या कालव्यावर आहेत. सायकलवाल्याच्या वाट्याला त्यातून येतो तो प्रत्येक लॉकपाशी एक आखूड चढ, आणि मग पुढच्या लॉकपर्यंत निखळ सपाटी.

या चढांमधली अंतरं हीच रचनेची लय. ख्यालगायन विलंबितात उलगडतं आणि द्रुतात जातं. ही वाट नेमकी उलट्या क्रमाने गायलेली आहे. पहिल्या साडेछत्तीस किलोमीटरांत २४ लॉक येतात. ग्रेट फॉल्सपाशी तर दीड किलोमीटरभरात सहा. शेजारी नदी खडकांवरून कोसळत असते. ती जी उंची एका झटक्यात उधळते, ती कालवा हप्त्याहप्त्याने फेडतो. सायकल इथे सारखी गिअर मागत राहते. मग सेनेकाचं लाल दगडातलं चोविसावं लॉक येतं (वॉशिंग्टनमधला स्मिथसोनियन कॅसल याच परिसरातल्या लाल दगडाचा), आणि तिथून पंचविसावं लॉक थेट तेरा किलोमीटरांवर. गिअरवरचा अंगठा निवांत होतो, श्वास आणि पॅडल एका मापात येतात. हे लांब आवर्तन ज्याला कंटाळवाणं वाटलं, त्याने पुढे जाऊ नये. पुढे बराच वेळ हेच आहे.

या सपाटीत पाहायचं काय, तर दोन पाणी. वर जाताना डाव्या हाताला नदी, वाहती, खालच्या पातळीवर. उजव्या हाताला कालवा, बहुतेक ठिकाणी नदीपेक्षा उंच. सेनेकापर्यंत कालव्यात पाणी राखलेलं आहे. त्यापुढे बराचसा कालवा सोडून दिलेला आहे, आणि माझ्या मते खरी मौज तिथेच सुरू होते. कुठे तळाला दलदल, कुठे शेवाळाने हिरवं झालेलं डबकं, कुठे कालव्याच्या मधोमध वाढलेली झाडं. पडलेल्या ओंडक्यांवर कासवं ओळीने ऊन खात बसतात. आपल्या राखी बगळ्याचा थोराड भाऊबंद, ग्रेट ब्लू हेरॉन, पाण्यात ताटकळत असतो. वसंताच्या तोंडावर इवल्या बेडकांचा गलका चाकाखालच्या खडीचा आवाज बुडवतो. नावाड्याच्या लेखी ही सगळी नासाडीच. १९२४च्या पुराने कालवा बंद पडला आणि त्याच्या नादुरुस्तीतून ही पाणथळ जागा झाली.

अपयश तर आरंभापासून सोबत होतं. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारली. त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाही मुहूर्त झाला. रेल्वे १८४२ साली कंबरलंडला पोचली, कालवा १८५० साली. ओहायो नदी कालव्याने कधी पाहिलीच नाही. आजही मालगाड्यांचा धडधडाट मधूनमधून वाटेवर ऐकू येतो. शांततेच्या भोक्त्यांना तो खटकतो. मला तो हवासा वाटतो, कारण त्यामुळे आपण हरलेल्याच्या वाटेवर आहोत याचं भान राहतं.

पैशांची तंगी दगडातही वाचता येते. पॉ पॉ बोगद्याच्या अलीकडे लॉकचे आकडे असे लागतात: ६२, मग ६३⅓, मग ६४⅔, मग ६६. खर्च वाचवण्यासाठी एक लॉक गाळलं आणि त्याची उंची उरलेल्यांत वाटून टाकली. हिशेब जुळावा म्हणून आकड्यांना अपूर्णांक चिकटले. पाय हा अपूर्णांक ओळखतात, कारण दरीतल्या या चार चढांमध्ये उसंत फार थोडी. लगेच ९५० मीटरचा बोगदा. १८३६ साली सुरू झालेलं हे काम संपायला १८५० उजाडलं, आणि आत साठ लाखांवर विटा लागल्या. इथे उतरायचं, दिवा लावायचा आणि सायकल हातात धरून चालायचं. २९७ किलोमीटरांत इथेच आपण खेचराच्या खऱ्या चालीवर येतो.

बोगद्याला ज्या फळाचं नाव मिळालं ते पॉ पॉ वाटेच्या दुतर्फा पिकतं. हे झाड सीताफळाच्या कुळातलं. गर पिवळसर, मऊ, बिया काळ्या आणि मोठ्या. सप्टेंबरच्या सुमारास गेलात तर मराठी जिभेला नातं सांगावं लागत नाही.

ही वाट मोटारींपासून वाचली ती एका न्यायमूर्तीच्या हट्टामुळे. १९५०च्या दशकात कालव्याच्या जागी मोटाररस्ता करण्याचा बेत होता आणि वॉशिंग्टन पोस्टने त्याची पाठराखण केली होती. सर्वोच्च न्यायालयाचे विल्यम डग्लस यांनी जानेवारी १९५४मध्ये त्याच वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांना सगळी वाट आपल्याबरोबर चालण्याचं आव्हान दिलं. मार्चमध्ये मंडळी कंबरलंडहून निघाली. पूर्ण अंतर पायी काटणारे नऊच उरले, डग्लस त्यांत होते. वृत्तपत्राने आपली भूमिका सौम्य केली, आणि १९७१ साली कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. डग्लस यांनी मोटारीची बाजू मांडणाऱ्यांना चालायला लावलं, हा मला युक्तिवादाचा उत्तम नमुना वाटतो. या वाटेचा पुरावा तिच्या वेगातच आहे.

दोषही सांगायला हवेत. पावसानंतर मातीचे टप्पे चिखलाने चाकं धरतात. चाळीस मिलिमीटरहून बारीक टायर नेऊ नये. आणि सपाटीचा एक छुपा कर असतो: उतार नाही म्हणून पॅडल थांबत नाही, बैठक बदलत नाही, दिवसाअखेरीस मांड्यांपेक्षा बूड जास्त बोलतं.

उरला प्रश्न दिशेचा. कंबरलंडपासून पुढे जुन्या रेल्वेमार्गावरची ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही २४० किलोमीटरची वाट पिट्सबर्गला, म्हणजे ओहायो नदीच्या उगमाशी जाते. त्यामुळे बरेच जण पिट्सबर्गहून निघतात आणि कालवा उतरत्या दिशेने करतात. कोळसाही तसाच आला, तेव्हा त्याला इतिहासाचा आधार आहे. तरी माझा कौल जॉर्जटाउनहून वर जाण्याला. उतरताना लॉक नुसतं मागे सरकतं, पायांना त्याची खबर लागत नाही. चढताना प्रत्येक लॉक अंगावर येतं आणि पुढच्या सपाटीची किंमत वसूल करतं. शिवाय कंबरलंडनंतर रेल्वेचा अखंड चढ सुरू झाला की दोन कारागिरांतला फरक कळतो. रेल्वेने डोंगराची उंची लांबीभर पसरली, कालव्याने ती मोजून एकेका जागी ठेवली. सायकलवरून पाहता दुसरी कारागिरी अधिक घरंदाज आहे.