सही न झालेला करार

'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' वाचून मी वैतागले असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "फार चावट आहे म्हणून?" नाही हो. चावटपणाला माझी अजिबात ना नाही. तक्रार उलटी आहे. पाचशेएक पानं शरीरावर खर्च करूनही या कादंबरीला शरीराबद्दल बोलता येत नाही.

ई. एल. जेम्सचं हे पुस्तक २०११ साली आलं. पुढच्या दोन भागांसकट दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. गोष्ट माहीत असेलच. साहित्य शिकणारी २१ वर्षांची अ‍ॅना आजारी मैत्रिणीच्या बदली अब्जाधीश ख्रिश्चन ग्रेची मुलाखत घ्यायला जाते आणि त्याच्या ऑफिसच्या दारातच धडपडते. पुढे तो तिच्यासमोर एक करार ठेवतो. तो हुकूम देणार, ती पाळणार. कुठली शिक्षा चालेल, कुठली नाही, थांबायचं असेल तर कुठला शब्द उच्चारायचा, सगळं लेखी.

मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात चांगली कल्पना हीच. करार भयंकर आहे, तिने काय खायचं नि किती तास झोपायचं हेसुद्धा त्यात आहे. पण निदान दोन माणसं समोरासमोर बसून 'हे चालेल, हे नको' असं बोलतात तरी! आपल्या प्रेमकथांत काय होतं? पाऊस येतो, दिवा जातो, एकदम सकाळ. त्यामुळे हॉटेलात कालवं खात ते दोघं एकेका कलमावर बोलायला लागले तेव्हा मी सरसावून बसले. आता ही मुलगी तिला काय हवंय ते सांगणार.

ती काय नको ते सांगते. आधी ई-मेलवर, मग तोंडी. हवं ते कधीच नाही. तिची इच्छा झाली की तिच्या आतली कुठलीशी देवी नाचते, आणि स्वतःच्या अवयवाला ती 'तिकडे' म्हणते. 'तिकडे'! हा शब्द ऐकतच तर आपण मोठ्या झालो. डॉक्टरबाईंसमोरही आपला आवाज इथेच बारीक होतो.

पहिल्या भागाच्या शेवटी ती त्याला म्हणते, तुझी सगळ्यात कडक शिक्षा दाखव. पट्ट्याचे सहा फटके. ती मोजते, रडते, सोडून जाते. थांबवायचा शब्द माहीत असून उच्चारत नाही. दुसऱ्या भागात तो विचारतो, का नाही म्हणालीस? तुला हवी तशी व्हायला बघत होते, त्या नादात विसरले, असं तिचं उत्तर. आणि यावर दुखावतं कोण? तो. मग तुझ्यावर मी विश्वास कसा ठेवायचा, म्हणतो.

खरी कादंबरी इथे सुरू व्हायला हवी होती. प्रेमातल्या माणसाला 'थांब' म्हणताना जीभ का अडते? तो निघून जाईल म्हणून? हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे, आणि लेखिका मात्र दोन ओळींत पुढे सरकते. तिला ख्रिश्चनच्या बालपणाची घाई आहे. व्यसनी आई, छातीवर सिगारेटचे चटके, म्हणून तो असा. म्हणजे त्याची इच्छा हा आजार आणि अ‍ॅनाचं प्रेम हे औषध. तिसऱ्या भागापर्यंत लग्न, मूल, गुण आला.

करारावर शेवटपर्यंत सही होत नाही. त्याचं मला काही वाटलं नसतं, अ‍ॅनाने स्वतःचा एक मसुदा लिहिला असता तर.