सोमनाथ होर यांची मुद्राचित्रे : रेषेकडून जखमेकडे

रेखांकन आणि मुद्राचित्रण हे कलाशिक्षणात बहुधा दोन स्वतंत्र विषय मानले जातात. आधी रेखांकन पक्के करावयाचे आणि मग ते लाकडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचे, असा क्रम रूढ आहे. या क्रमात मुद्राचित्रण प्रती काढण्याचे साधन ठरते आणि विद्यार्थी तंत्र शिकतो ते कृतींची यादी म्हणून. सोमनाथ होर (१९२१–२००६) यांच्या मुद्राचित्रांच्या आधारे ही धारणा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

होर यांचा जन्म चितगावचा. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात चित्तप्रसाद यांच्या प्रभावाखाली त्यांनी उपासमारीने खंगलेली माणसे प्रत्यक्ष पाहून रेखाटली. डिसेंबर १९४६ मध्ये ते रंगपूर भागात तेभागा आंदोलन पाहण्यास गेले. पिकाचा दोन-तृतीयांश वाटा कसणाऱ्याला मिळावा, ही तेथील बटाईदारांची मागणी होती. होर यांनी दैनंदिनी लिहिली आणि शेतकऱ्यांची रेखाटने केली. या रेखाटनांतील रेषा साक्षीदाराची आहे. पाहिलेले निसटण्यापूर्वी ती नोंदवून ठेवते.

याच अनुभवावर त्यांनी वुडकट केले, तेव्हा रेषेचा स्वभाव पालटला. पेन्सिल कागदावर रेषा घालते. वुडकटमध्ये नको तो भाग कोरून काढावा लागतो आणि कोरलेला भाग छपाईत पांढरा राहतो. शेतकऱ्यांच्या रात्रीच्या सभेचे चित्र करताना अंधार ठोकळ्यात आधीच असतो. चित्रकाराला केवळ उजेड कोरावयाचा असतो. येथे तंत्र विषयाच्या सेवेला नाही, ते विषयाचा अर्थ घडवते.

एचिंगमध्ये आणखी एक बदल होतो. लेप दिलेल्या पत्र्यावर सुई ओरखडा काढते, परंतु रेषेची खोली ठरते ती पत्रा आम्लात किती वेळ राहिला यावर. हाताचा अधिकार येथे कमी होतो. धातूला आम्लाने खाणे हीच एक इजा आहे, या जाणिवेची परिणती १९७१ पासूनच्या ‘जखमा’ या मालिकेत दिसते. मातीच्या सपाट थराला सुरीने चिरा द्यावयाच्या, तापलेल्या सळईने तो डागावयाचा, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यावयाचा आणि साच्यात कागदाचा ओला लगदा दाबावयाचा, अशी ही पद्धती. मातीतील चीर सिमेंटमध्ये उंचवटा होते आणि कागदात पुन्हा चीर होते. दोनदा उलटल्यामुळे एरवी छापात येणारी डावी-उजवी अदलाबदलही येथे उरत नाही. शाईचा आधार जवळजवळ सुटतो. पांढऱ्यावर पांढरी जखम केवळ तिरप्या प्रकाशात दिसते. रेषा आता जखमेचे चित्र काढीत नाही. ती स्वतःच जखम आहे.

या मालिकेवर एक आक्षेप संभवतो. माणूस नाहीसा झाल्यावर वेदना केवळ सुखद पोत होऊन उरत नाही काय? आक्षेप निराधार नाही. शीर्षक झाकले तर काही चित्रे निव्वळ आकर्षक पृष्ठभाग वाटतात, आणि या पद्धतीचे अनुकरण करणाऱ्याचे काम बहुधा तेथेच थांबते. होर यांच्या चिरेला वजन येते ते तिच्यामागे उभ्या असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या रेखांकनामुळे. भुकेल्या शरीराची बरगडी ज्याने शेकडो वेळा रेखाटली, त्याच्याच हातातील सुरीला कोठे थांबावे हे कळते.

घडत्या कलावंतासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. रेखांकन ही मुद्राचित्रणाची पूर्वतयारी नव्हे आणि मुद्राचित्रण ही रेखांकनाची नक्कल नव्हे. एकच विषय पेन्सिलीने, लाकडात आणि पत्र्यावर करून घ्यावा आणि प्रत्येक वेळी काय गमावले, काय नव्याने सापडले, हे विद्यार्थ्याला विचारावे. मूल्यमापनात छापाच्या स्वच्छतेबरोबर या उत्तरालाही स्थान मिळाले, तर तंत्राचे शिक्षण कलेचे शिक्षण होऊ शकेल.