संगणक जाळ्यातील दोषशोधन आणि मिथ्या इशाऱ्यांचा दर : एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणक जाळ्यातील बिघाड आपोआप ओळखणाऱ्या प्रणालींवर गेल्या तीन दशकांत विपुल संशोधन झाले आहे. यातील बहुतेक शोधनिबंधांचा शेवट एकाच प्रकारच्या दाव्याने होतो : प्रस्तावित पद्धतीमुळे मिथ्या इशाऱ्यांचा दर अमुक टक्क्यांवरून तमुक टक्क्यांवर आला. बिघाड नसताना प्रणालीने दिलेली सूचना म्हणजे मिथ्या इशारा. तो कमी व्हावा यात वाद नाही. परंतु केवळ टक्केवारीत मांडलेला हा दावा जाळे सांभाळणाऱ्या व्यक्तीला जवळजवळ काहीच सांगत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एक साधे गणित पाहू. एखाद्या संस्थेच्या जाळ्यात २०० उपकरणे आहेत व प्रत्येकाची दर मिनिटाला 'पिंग'द्वारे तपासणी होते, असे समजा. दिवसाकाठी २,८८,००० तपासण्या होतात. प्रणालीचा मिथ्या इशाऱ्यांचा दर अवघा ०.१ टक्का आहे. कागदावर हा आकडा उत्तम दिसतो; प्रत्यक्षात मात्र दिवसाला २८८, म्हणजे दर पाच मिनिटांना एक खोटा इशारा येतो. खरे बिघाड दिवसाला दोन-तीनच असतील, तर आठवड्याभरात तंत्रज्ञ इशाऱ्यांकडे पाहणेच सोडून देईल. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील गावकऱ्यांना आपण दोष देत नाही. मग या तंत्रज्ञाला तरी का द्यावा?

मूळ प्रमाणाचा विसर :

हाच मुद्दा स्टेफान अॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये घुसखोरी-शोधनाच्या संदर्भात बेझच्या प्रमेयाच्या आधारे मांडला. त्यांनी दिवसाला १० लाख नोंदी व त्यांपैकी केवळ २० नोंदी घुसखोरीच्या असे गृहीत धरले. प्रत्येक घुसखोरी अचूक पकडली गेली, तरी येणाऱ्या इशाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश खरे ठरण्यासाठी मिथ्या इशाऱ्यांचा दर एक लाखात एक इतका खाली आणावा लागतो. दर एक टक्का असेल, तर पाचशे इशाऱ्यांत जेमतेम एक खरा निघतो. शोधावयाची घटना जितकी दुर्मीळ, तितका इशारा अविश्वसनीय, हे यामागील साधे तत्त्व होय. जाळ्यातील बिघाड ही घटनाही दुर्मीळच असल्याने हा निष्कर्ष तिलाही लागू पडतो.

आता ज्या सामग्रीवर असे दावे तपासले जातात तिच्याकडे वळू. 'केडीडी कप ९९' हा डेटा संच आपल्याकडील पदव्युत्तर प्रकल्पांत व प्रबंधिकांत वर्षानुवर्षे वापरला गेला. त्याच्या सर्वाधिक प्रचलित दहा टक्के भागात ४,९४,०२१ नोंदी आहेत आणि त्यांतील सामान्य वाहतुकीच्या केवळ ९७,२७८. म्हणजे जवळपास ८० टक्के नोंदी हल्ल्यांच्या! असे जाळे पृथ्वीतलावर कोठे अस्तित्वात असेल, असे वाटत नाही. एक टक्का मिथ्या दराची तीच प्रणाली येथे चालविली, तर ९९.७ टक्क्यांहून अधिक इशारे खरे ठरतात. फरक प्रणालीत नाही, डेटा संचात आहे. शिवाय या संचातील तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रशिक्षण-नोंदी पुनरावृत्त असल्याचे २००९ मध्ये तवल्लाई व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ज्या प्रयोगातून हा संच निघाला त्याच्या रचनेवर जॉन मॅकह्यू यांनी २००० मध्येच सविस्तर आक्षेप घेतले होते. तरीही '९९ टक्के अचूकता' मिरविणारे निबंध थांबले नाहीत. ही केवळ अनवधानाची बाब मानणे कठीण आहे.

उपायांची किंमत :

मिथ्या इशारे घटविण्याचा सर्वांत रूढ उपाय म्हणजे सलग तीन तपासण्या फसल्यावरच इशारा देणे. हजारात एक चूक, तर तीन सलग चुका शंभर कोटींत एक, असा हिशेब सर्रास मांडला जातो. तो तीन तपासण्या परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. पण जाळ्यातील गर्दी मिनिटभरात ओसरत नाही. पहिले पॅकेट ज्या कारणाने हरवले, त्याच कारणाने दुसरे व तिसरेही हरवते. अपेक्षित लाभ त्यामुळे बराच घटतो आणि खरा बिघाड मात्र उशिरा कळतो.

या संदर्भात व्हॅन जेकबसन यांचा १९८८ चा निबंध आजही आदर्श वाटतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांमधील, अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरावरील दळणवळण सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. याच्या मुळाशी एक प्रकारचा मिथ्या इशाराही होता : केवळ उशीर झालेले पॅकेट 'हरवले' असे समजून संगणक ते पुन्हा पाठवीत, त्यामुळे गर्दी वाढे आणि उशीरही वाढे. जेकबसन यांनी टाइमर सरसकट लांबविला नाही. सरासरी विलंबाबरोबरच त्या विलंबाचे विचलन मोजावे आणि प्रतीक्षेची मर्यादा त्यावरून ठरवावी, असे त्यांनी सुचविले. उंबरठा मनाने ठरविण्याऐवजी तो निरीक्षणातून काढणे, हे या कार्याचे खरे मोल आहे.

याउलट उदाहरण 'रूट फ्लॅप डॅम्पिंग'चे. वारंवार तुटणाऱ्या-जुळणाऱ्या मार्गांमुळे राउटरवर ताण येऊ नये, म्हणून अशा मार्गाला दंडगुण द्यावेत व मर्यादा ओलांडताच त्याकडे काही काळ दुर्लक्ष करावे, अशी ही १९९८ मध्ये प्रमाणित झालेली योजना. परंतु एखादा मार्ग एकदाच तुटून पुन्हा जुळला, तरी शेजारचे राउटर पर्यायी वाटा धुंडाळताना अनेक संदेश पाठवितात. त्या प्रत्येकाला चंचलता समजून तासभरापर्यंत चांगला मार्गच बंद राहू शकतो, हे २००२ मध्ये माओ व सहकाऱ्यांनी दाखविले. युरोपातील 'राइप' या समूहाने २००६ मध्ये ही योजना वापरू नये असा सल्ला दिला, आणि २०१३ मध्ये दंडाची मर्यादा बरीच उंचावून ती पुन्हा ग्राह्य मानली. गोंगाट शांत करण्याच्या उपायानेच सुस्थितीतील मार्ग गमवावा लागला, ही गोष्ट 'मिथ्या इशारे घटले' एवढ्याच वाक्यात मावत नाही.

म्हणून या विषयावरील प्रबंधिका तपासताना परीक्षकांनी विद्यार्थ्याला दोन गोष्टी विचारणे अगत्याचे आहे : दिवसाला एकूण इशारे किती व त्यांतील खरे किती, तसेच मिथ्या इशारे घटविताना खरा बिघाड कळण्यास किती विलंब झाला. यासाठी परदेशी डेटा संचाची गरज नाही. महाविद्यालयाच्या स्वतःच्या स्विच व राउटर यांच्या नोंदी रोज साठतात आणि जागा भरली की पुसल्या जातात. त्या एका सत्रापुरत्या जतन केल्या आणि तंत्रज्ञाने दुरुस्तीच्या वहीत लिहिलेल्या तारखांशी ताडून पाहिल्या, तरी एका प्रबंधिकेस पुरेल इतकी खरी सामग्री हाती येईल.