द्रौपदीचा प्रश्न आणि इरावतीबाईंचा निवाडा

इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. महाभारतातील व्यक्तींना मखरातून उतरवून माणसांच्या पंक्तीत बसविणारे हे पुस्तक आमच्या पिढीच्या मराठी घरांत, मग ते घर पुण्यात असो वा बडोद्यात, आवर्जून वाचले गेले. त्याचे मोठेपण आम्हांस मान्यच आहे. तथापि त्यातील द्रौपदीविषयक एका निवाड्याशी आम्ही सहमत होऊ शकत नाही.

प्रसंग सर्वपरिचित आहे. युधिष्ठिराने आधी धन, मग चारी भाऊ, मग स्वतःला पणास लावून गमावले आणि शकुनीने सुचविल्यावर शेवटी द्रौपदीला. बोलावणे घेऊन आलेल्या प्रातिकामीजवळ तिने उलट प्रश्न पाठविला: राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? इरावतीबाईंच्या मते हा प्रश्न विचारणे हीच तिची चूक. वडीलधाऱ्यांच्या सभेत तिने पांडित्य दाखविले. त्याऐवजी क्षात्रधर्माला स्मरून दयेची याचना करावयास हवी होती. शिवाय उत्तर कोणतेही आले असते तरी तिची दुर्दशाच होती. पतीचा हक्क शाबूत म्हटला तर दास्य पक्के; हक्क संपला म्हटला तर ती अनाथ.

या युक्तिवादातील दुसरा भाग बिनतोड आहे. परंतु पहिला आम्हांस पटत नाही. दयेची याचना करणारीचे रक्षण देणाऱ्याच्या मर्जीवर असते. प्रश्न मात्र घेणाऱ्याला आपला हक्क सिद्ध करावयास लावतो. जो स्वतःच मालक उरला नाही तो दुसऱ्यास मालकी देऊ शकत नाही, हे मिळकतीच्या कायद्याचे आद्य सूत्र. द्रौपदीने नेमके त्यावरच बोट ठेवले. म्हणूनच भीष्मासारखा ज्ञानी धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबला, विकर्णाने ती जिंकली गेलेली नाही असे निक्षून सांगितले आणि कर्णाला तावातावाने त्याचे खंडन करावे लागले.

अर्थात या प्रश्नालाही मर्यादा आहे. ‘मी कुणाची मालमत्ताच नाही’ असे द्रौपदी म्हणत नाही. व्यवहार सदोष आहे एवढेच म्हणते. विकर्णही तिच्यावर पाचांची सामाईक मालकी मानूनच तिची बाजू मांडतो. शिवाय अखेर सुटका झाली ती धृतराष्ट्राच्या वरांनी, म्हणजे कृपेनेच, असे इरावतीबाईंच्या बाजूने म्हणता येईल. पण ते वर नीट वाचावेत. पहिल्याने तिने युधिष्ठिराला दास्यमुक्त केले, कारण प्रतिविंध्याला कुणी दासपुत्र म्हणू नये. दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथ व धनुष्यांसह. तिसरा वर तिने नाकारला. स्वतःची मुक्ती तिने मागितलीच नाही. जी दासी झालीच नाही, तिने मुक्ती कशासाठी मागावी? सभेने न दिलेले उत्तर तिने असे स्वतःच दिले, असे आम्ही मानतो.

आमच्या कीर्तनांतून मात्र या प्रसंगी धावून येतो तो श्रीकृष्ण. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीने कृष्णाचा तो धावा मूळ संहितेत धरलेला नाही. भक्ताच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. पण वस्त्राच्या चमत्कारात प्रश्न झाकला गेला, हेही खरे.

हे केवळ पुराणातले नव्हे. महसूल खात्यातील नोकरीत आम्ही हक्कपत्रकातील असंख्य नोंदी पाहिल्या. वडील निवर्तले की वारसनोंद होते आणि पाठोपाठ बहिणींच्या सह्यांनी त्यांचा ‘हक्क कमी’ केल्याची नोंद. सहीपूर्वी ‘मुळात माझा वाटा किती?’ असे विचारणारी बहीण क्वचित भेटे, आणि तिच्याविषयी भाऊ म्हणत, ‘ही फार शिकली.’ पुढे २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका वाटा दिला. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही माहेर तुटू नये म्हणून, भिडेखातर दिल्या जाणाऱ्या सह्या संपलेल्या नाहीत. स्वेच्छेने सोडलेला हक्क हे दान. पण न विचारता सोडवून घेतलेला हक्क काय म्हणावा?

इरावतीबाईंनी द्रौपदीवर माया केली, तिचे दुःख आपलेसे केले. पण विचारणाऱ्या स्त्रीला ‘गप्प राहून दया मागितली असतीस तर’ असे सांगण्याची आपली जुनी सवय त्यांच्यासारख्या विदुषीच्या लेखणीतूनही सुटली नाही. वाचकांनी ‘युगान्त’ पुन्हा वाचावे. मात्र सभापर्व शेजारी उघडे ठेवून.