मोळी आणि अंघोळ

‘श्यामची आई’ आपल्या घराघरांत मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून वाचले जाते, आणि बहुधा तेवढ्यावरच मिटले जाते. आम्हीही ते शाळकरी वयात रडत रडत वाचले होते. परवा पुन्हा उघडले, तेव्हा डोळे कोरडे राहिले. मन मात्र एका प्रसंगापाशी अडले.

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. म्हणजे बादशहा सातव्या एडवर्डची कारकीर्द (१९०१ ते १९१०) हेच त्यांचे बालपण. त्या घराच्या ओटीवर बादशहाचा मागमूस नाही; आहे ती उतरती खोतकी, वाढते कर्ज आणि सावकाराच्या माणसापुढे खाली गेलेली मान. मुलाला व्याजाचा हिशेब कळत नाही, आईचा चेहरा कळतो.

प्रसंग असा. महार समाजातील एका म्हातारीची मोळी वाटेत पडते. विटाळाच्या भयाने ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते: मोळी उचलून दे, आणि घरी येऊन अंघोळ कर. आमच्या मते पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक जागा ही अंघोळच. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लिहिणारे गुरुजी स्वतः विटाळ मानीत नव्हते. आईला सुधारक ठरवायचे, तर ती अंघोळ गाळणे किती सोपे होते! तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला, मनही तसेच जप असे सांगणारी आई हीच. मुलाने दोन्ही पाहिले, आणि दोन्ही ठेवले.

पुस्तकात अश्रू फार, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आठवणी सांगणारा मोठा श्याम अधूनमधून लहानग्या श्यामला बाजूला सारून प्रवचनही करू लागतो. पण आपल्या अंकांसाठी आम्ही सारे आजी-आजोबांच्या आठवणी लिहितो, त्यांत सगळेच दयाळू असतात. कोणाच्या हातचे पाणी घरात चालत नव्हते, हे कोणी लिहीत नाही. आम्हीही लिहिलेले नाही.

पुढे गुरुजी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आले. विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ते सोडले. आई जाऊन त्या वेळी तीस वर्षे होत आली होती.