आत्मकथेतील विलायतेचे रविवार

विलायतेतील विद्यार्थीदशेवरील लेखनात बहुधा स्थळे पुष्कळ आणि दिवस थोडे असतात. राजवाडे व वस्तुसंग्रहालये यांची वर्णने सविस्तर येतात. परंतु सकाळी काय शिजविले, रविवार कसा कंठला, हे सहसा राहून जाते. गांधीजींच्या आत्मकथेतील लंडनची प्रकरणे या दृष्टीने अपवादात्मक होत. बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी ते १८८८ ते १८९१ पर्यंत तेथे होते. ही हकीकत मात्र त्यांनी १९२५ नंतर 'नवजीवन'मधून गुजरातीत लिहिली.

तिचा आरंभच रविवाराच्या अडचणीने होतो. सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी बोटीतून उतरताना अंगावर पांढरे फ्लॅनेलचे कपडे. सामान व किल्ल्या एजंटांच्या हवाली. आणि दुसरा दिवस रविवारचा, म्हणून ते मिळणे नाही. येथे शहराचे वर्णन जवळजवळ नाही. तरीही परक्या गावातील पहिल्या दिवसाची शरम वाचकास पुरेपूर जाणवते.

नित्याचे जीवन गांधीजी आकड्यांतून सांगतात. हॅट १९ शिलिंगांची, बाँड स्ट्रीटवरचा पोशाख १० पौंडांचा, नृत्यवर्गाची फी ३ पौंड. पुढे एकच खोली, स्टोव्हवर शिजविलेली ओटची लापशी, दिवसाकाठी आठदहा मैलांची पायपीट, आणि जेवणखाण १ शिलिंग ३ पेन्सांत. मी हिशेबाच्या फायलींत दिवस घालविणारा मनुष्य. पण रकमांच्या उतरत्या क्रमातून एखाद्याचा स्वभाव घडताना मी अन्यत्र पाहिलेला नाही.

सहलींचे प्रसंग मात्र असत्याविषयीच्या प्रकरणात येतात. ब्रायटनच्या हॉटेलात पदार्थांची यादी फ्रेंचमध्ये. एक वृद्ध बाई साहाय्यास धावतात आणि लंडनमधील आपल्या घरी दर रविवारी जेवावयास बोलावतात. तेथे एका तरुणीशी त्यांचा परिचय घडवून आणला जातो, आणि हा विवाहित, एका पुत्राचा पिता असलेला विद्यार्थी रविवाराची वाट पाहू लागतो. अखेर, अनेकदा खरडून, तो त्या बाईंस खरे काय ते पत्राने कळवितो. उत्तरात रोष नाही. पुढच्या रविवारचे आमंत्रण कायम असते! विवाह लपविण्याची ही रीत तेथील अनेक हिंदी तरुणांत होती, असे गांधीजींनीच नमूद केले आहे. ती केवळ लबाडी नव्हती. तिच्या मुळाशी एकाकी रविवाराची भीतीही असावी. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणांस हे फोड करून सांगावयास नको.

माझा आक्षेप एवढाच, की प्रौढ गांधीजी विद्यार्थी गांधींस फार वेळ मोकळे सोडीत नाहीत. व्हेंटनर येथे घरमालकिणीची कन्या त्यांना टेकडीवर नेते. ती उंच टाचांच्या बुटांनी बाणासारखी खाली उतरते. हे मागे धडपडत, मध्येच रांगत येतात, आणि ती पायथ्याशी उभी राहून खळखळून हसते. हा प्रसंग अव्वल विनोदाचा आहे. परंतु तोही असत्याच्या विषाचे उदाहरण म्हणूनच मांडलेला. प्रत्येक सहलीस तात्पर्य जोडल्याने तिच्यातील आनंद थोडा कोमेजतो.

विद्यार्थ्याचा मूळ सूर ऐकावयाचा तर गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना लिहिलेले, हयातीत अप्रकाशित राहिलेले लंडनविषयक मार्गदर्शक पाहावे. कोणते कपडे न्यावेत, त्यांस काय पडेल, असा व्यवहार त्यात आहे. पाठोपाठ जाणाऱ्यांची फजिती टळावी, ही साधी कळकळ त्यामागे दिसते.

तरीही आत्मकथेचे पारडे जड राहते. परदेशाहून घरी लिहिताना माणूस नेमके जे वगळतो, तेच या प्रकरणांत लिहिलेले आहे. आपण गावाकडे पाठवितो त्या पत्रांत आपले रविवार कितपत खरे असतात, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही मनात उरतो.